काचेबाहेरची ड्युटी

आमच्या बॅचचे तिघं-चौघं कुठेही भेटलो की कुणीतरी म्हणतंच, "ए, काचेबाहेरचे किस्से सांग ना यार!" मी एक सांगायला घेते, त्याला लागून दुसरा येतो, आणि समोरची कॉफी थंडगार! खरं तर हसायचे दिवस नव्हते ते. मेडिकलचं तिसरं वर्ष, न्यू जर्सीतलं हॉस्पिटल आणि कोविड जोरात.

*

आम्हा विद्यार्थ्यांना कोविड पेशंटच्या खोलीत जायची सक्त बंदी. काचेच्या दाराबाहेर उभं राहायचं, पेशंटशी फोनवर बोलायचं, घरच्यांना अपडेट द्यायचे. पहिल्याच राउंडला आमच्या सीनियर, डॉक्टर मिरियम यांनी मला विचारलं, "फुप्फुसांत काय ऐकू आलं?"

"मॅम, काचेतून काहीच ऐकू येत नाही!"

"गुड. खोटं बोलली नाहीस. पास!"

*

मास्कची इतकी टंचाई, की एकच आठवडाभर पुरवायचा. कागदी पिशवीत घालून, वर नाव लिहून हुकाला अडकवायचा. माझा वर्गमित्र केविन एकदा धावतपळत आला, पिशवी उघडली, तर आत पीनट बटर सँडविच! मास्क स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये. बिचारा रडकुंडीला आला.

मिरियम म्हणाल्या, "सँडविचच दाबून धर तोंडावर. फिट बसेल!"

आम्ही हसलो खरे, पण त्या दिवशी प्रत्येकाने गुपचूप आपापली पिशवी तपासली.

*

मग आले साठेकाका. काकूंबरोबर पुण्याहून इथे जवळच्या पिस्कॅटवे गावी मुलाकडे आलेले आणि विमानं बंद झाली म्हणून अडकलेले. घरात सगळेच पॉझिटिव्ह, पण हॉस्पिटलची पाळी एकट्या काकांवर.

"तू मराठी बोलतेस ना? हा पेशंट तुझा," मिरियम म्हणाल्या.

तोवर माझं मराठी आईशी वाद घालण्यापुरतंच होतं!

*

मुलाच्या घरी असलेल्या साठेकाकूंना मी रोज फोन करायचे. काकांच्या ऑक्सिजनचा आकडा सांगायचे, त्या म्हणायच्या, "ते असू दे गं. तू जेवलीस का?"

एकदा काकांना घरच्यांशी जोडून व्हिडिओ कॉल लावला, तर पुणे, नागपूर, क्युपर्टिनो... अख्खं खानदान हजर! एक म्हणतोय काढा द्या, दुसरी म्हणतेय वाफ द्या, म्यूटवर कुणीच नाही. काकांनी थोडा वेळ ऐकलं, हात लांब केला आणि कॉल कट!

नंतर काकूंचा वेगळा फोन आला. आवाज अगदी खाली. "त्यांना श्वासाची नळी घालू नका गं. त्यांच्या मित्राला घातली, तो घरी आलाच नाही."

"प्रयत्न करतोय काकू," एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले.

*

आणि दुसऱ्याच दुपारी काकांचा ऑक्सिजन घसरायला लागला.

"त्यांना पालथं झोपव," मिरियम म्हणाल्या. "नाहीतर आत्ता नळी घालावी लागेल."

नर्स शेजारच्या पेशंटपाशी अडकलेली. मी बाहेरून फोन लावला.

"काका, पालथे झोपा!"

"छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय, आणि त्याच छातीवर झोपू? वेड लागलंय का तुला?"

"काका, प्लीज! खरंच बरं वाटेल!"

त्यांनी फोन उशीवर टाकला आणि तोंड फिरवलं. मॉनिटरवरचा आकडा ऐंशीवर आला. मी काच धडाधड बडवली, तेव्हा कुठे त्यांनी वळून पाहिलं. मग मला काय सुचलं देव जाणे, मी सरळ कॉरिडॉरच्या फरशीवर पालथी पडले. हातावर गाल टेकवला, आणि असं झोपा, असं झोपा म्हणून खुणा!

"आर यू क्रेझी?" केविन ओरडला, आणि पुढच्या क्षणी तोही माझ्या शेजारी आडवा!

काका बघत राहिले. मग कण्हत, कॉटच्या कठड्याला धरून हळूहळू वळले.

आकडा हलेना. भूल देणारे डॉक्टर नळीचं सामान घेऊन दाराशी पोचले. मिरियम यांनी हात आडवा धरला. "एक मिनिट."

त्र्याऐंशी. सत्त्याऐंशी. ब्याण्णव!

"नळी नको," मिरियम म्हणाल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी आणि केविन फरशीवरच.

तेवढ्यात माझा फोन वाजला. काका! धापा टाकत, एकेक शब्द तोडत म्हणाले,

"अगं ए... फरशी गार आहे... ऊठ आधी... सर्दी होईल!"