स्लॅबचे भाडे रुमालाखाली

माझ्या घरावर सिमेंटचा स्लॅब आला आणि त्याच महिन्यात घराचे भाडे उतरले.

सन सत्तरच्या आसपासची गोष्ट. धुळ्यातल्या माझ्या घरात तीन भाडेकरू होते. मातीचे धाबे काढून मी स्लॅब घातला, अंगणात नळ आणला, वीज घेतली. त्यापायी हिच्या पाटल्या सराफाकडे गहाण गेल्या. (गेल्या म्हणजे मी नेल्या. हे वाक्य ती रोज दुरुस्त करते.) पंधराचे भाडे पंचवीस करायचे आणि दिवाळीपर्यंत पाटल्या सोडवायच्या, एवढाच बेत!

"जरा गोड बोला," ही म्हणाली.

"बोलायचं काय त्यात? मालक मी आहे!"

पहिला भाडेकरू नाना, बैलबाजारातला दलाल. मी अंगणात उभा राहून गरजलो, "नाना, पुढल्या महिन्यापासून पंचवीस!"

"भाऊ, असा उघडा भाव बोलतस का? बठ्ठा आयकी राह्यनात. रुमाल काढा!"

खरेच होते, सगळे ऐकत होते. बैल असो की कापूस, आमच्याकडे चार माणसांत भाव रुमालाखाली बोटे धरूनच ठरायचा. आणि एकदा रुमाल उचलला की सौदा पक्का. मग बाप आला तरी बदल नाही. मी खांद्यावरचा रुमाल हातांवर टाकला. एक बोट म्हणजे पाच रुपये. बाकीचे दोन्ही भाडेकरू पायरीवर येऊन बसले.

नानाने माझी पाचही बोटे धरली. पंचवीस! पहिल्याच फटक्यात कबूल!

इथे घोटाळा झाला. वीस वर्षे मी कापूस विकत घेत आलो होतो. समोरच्याने भाव धरला की तो पाडायचा, एवढेच माझ्या हाताला ठाऊक! माझे एक बोट आपोआप मिटले.

नाना क्षणभर चमकला. पण दलालच तो! लगेच विकणाऱ्यासारखा कण्हू लागला, "परवडत नही, भाऊ!"

परवडत नाही? हे शब्द ऐकले की माझे डोके फिरते. बाजारात प्रत्येक लबाड हेच म्हणतो! मी दुसरे बोट मिटले.

"मरी जासू ना मी!"

"मरा! याच्यावर एक पैसा मिळणार नाही!" मी ओरडलो आणि तिसरेही मिटले.

"अहो, थांबा!" ही ओट्यावरून किंचाळली.

"तू मध्ये पडू नकोस! वळणावर आलाय!"

नानाने रुमाल उचलला. माझी दोन बोटे त्याच्या मुठीत होती. दहा रुपये! पायरीवरच्या दोघांनी उठून जाहीर केले, "आम्हालाही हाच भाव."

"भाऊ," नाना हात जोडून म्हणाला, "तुमनासारखा गिऱ्हाईक मी दखा नही!"

पाटल्या पुढची तीन वर्षे सराफाकडेच राहिल्या. पण धुळ्याच्या बाजारात भाव पाडण्यात मला कोणी हरवले नाही, हे मी आजही छातीठोक सांगतो. त्या दिवशीही सौदा मीच जिंकला, नानाच्या वतीने!