मैनाच्या नावानं

अकोल्याच्या ज्या कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, सुंदराबाई कामाला होती, तिथं तिला सुंदराबाई म्हणून कुणी ओळखत नव्हतं. हजेरीच्या पुस्तकात तिचं नाव मैना होतं, आणि खरी मैना घरी बाळंतीण होती.

मैना तिची धाकटी जाऊ. दीर बुधाजी त्याच साली, म्हणजे साठ साली, श्रावणात तापानं गेला आणि दिवाळीच्या तोंडावर मैनाला मुलगी झाली. दिवाळी सरली की जिनं सुरू व्हायची, आणि पहिल्या आठवड्यात जी बाई हजर नाही तिची जागा दुसरीची. त्यामुळे त्या वस्तीत एक रीतच पडून गेली होती. घरातली एक अडली की दुसरीनं तिच्या नावानं उभं राहायचं. बहीण जायची, सासू जायची, जाऊ जायची. मुकादम नत्थुजीला सगळं ठाऊक असायचं. त्याला बाईच्या हातांशी मतलब, नावाशी नाही.

माघात एका दुपारी कापूस सारताना यंत्रानं सुंदराबाईचा उजवा हात ओढला. चार बोटं गेली. नत्थुजीनं तिला टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथल्या कागदावर मैना लिहवलं. त्याचं एक सोडा. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी नाव विचारलं, तर या बाईनंही मैनाच सांगितलं, का, तर खरं कळलं तर जावेची जागा जाईल! इतकी खुळी बाई शोधून सापडायची नाही, आणि इतकी मायाळूही.

जखम भरल्यावर तिचा नवरा देवराव जिनात गेला. तो मालधक्क्यावर हमाल, बोलायला मुलखाचा कमी. मॅनेजरनं पुस्तक उघडून दाखवलं. सुंदराबाई नावाची बाई इथं कधी नव्हतीच. मैना आहे, ती आजही कामावर आहे, आणि तिचे दोन्ही हात धडधाकट आहेत. देवराव मान खाली घालून परतला.

मग वकील शोधणं आलं. अकोल्यातल्या पहिल्या वकिलाकडे त्याच जिनाच्या शेठची कामं होती, त्यानं दारातूनच वाटेला लावलं. दुसरा मोठा कनवाळू निघाला. तो म्हणाला, कागदोपत्री तू मैना आहेस ना, मग कोर्टातही मैनाच हो, खऱ्या मैनेला माहेरी दडवून ठेव. सुंदराबाईनं दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाली. ज्या पोरीचा नवरा नुकता गेला, तिला तिच्याच घरातून दडवायचं कसं? शेवटी मालधक्क्यावर कुणीतरी देवरावला अमरावतीच्या चिंतामणराव वकिलांचं नाव सांगितलं. माणूस तापट, पण शेठलोकांची कामं घेत नाही. नवराबायको बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरली आणि विचारत विचारत अमरावतीत वकिलांच्या घरी पोचली.

चिंतामणराव खरंच तापट होते. आधी त्यांनी दोघांना खाली बसल्याबद्दल झापलं आणि बाकावर बसवलं. मग सुंदराबाईनं मनात साठवलेले प्रश्न एकेक करून विचारले. हात माझ्याच चुकीनं आत गेला, तर भरपाई मागता येते का? येते, म्हणाले, काम करताना लागलं ना, दारू पिऊन तर नव्हतीस? सुंदराबाईनं कानाला हात लावला. फी आधी द्यावी लागेल का? ते नंतर पाहू. थांबलं तर चालेल का? मुळीच नाही, मुदत गेली की कायदा ऐकत नाही. आणि दुसरीच्या नावानं काम केलं, त्याचं काय?

"काम तू केलंस आणि मुकादमानं जाणूनबुजून करवून घेतलं, तर कामगार तूच," चिंतामणराव म्हणाले. "पण हे सांगणार कोण? मुकादम पोटासाठी खोटं बोलेल. मैनेला साक्षीला उभं राहावं लागेल."

सुंदराबाई उठून उभी राहिली. "मंग राहू द्या, सायेब. तिची जागा जाईन. तिले लेकरू हाय."

वकील भडकले. अर्धा हात गेलेली बाई अख्ख्या हाताच्या बाईची काळजी करते, याला काय म्हणावं, असं घरादाराला ऐकवू लागले. तेवढ्यात त्यांची पत्नी गोदावरीबाई बाहेर आल्या. त्यांनी सुंदराबाईच्या डाव्या हातात संत्रं ठेवलं, ते तिला सोलता येणार नाही हे ध्यानात आलं तशा स्वतः खाली बसल्या, सोलून एकेक फोड तिच्या हातावर ठेवू लागल्या. सुंदराबाईला फार भरून आलं, पण ती आपल्या बोलण्यावरून हलली नाही.

घरी तिनं मैनाला एवढंच सांगितलं की वकील नाही म्हणाला. पण देवरावला ते सोसवेना. जन्मात कधी चार वाक्यं सलग न बोललेल्या त्या माणसानं सुंदराबाई पाण्याला गेलेली पाहून मैनाला सगळं सांगून टाकलं. मैना ऐकून घेऊन भाकरी थापत राहिली. दोन दिवसांनी, माहेरी जाऊन येतो म्हणाली आणि पोरीला कडेवर घेऊन निघाली.

पुढच्याच आठवड्यात वकिलांचं कार्ड आलं. साक्षीदार मिळाला आहे, अर्जावर अंगठा द्यायला या. सुंदराबाईला वाटलं, नत्थुजीला उपरती झाली. तारखेच्या दिवसापर्यंत ती त्याला दुवा देत होती.

तारखेला अकोल्याच्या कोर्टात शिपायानं साक्षीदार पुकारला आणि मैना पुढं गेली. सुंदराबाई जागची उठली, तर देवरावनं तिला हाताला धरून बसवलं. जिनाच्या वकिलानं मैनाला बरंच उलटसुलट विचारलं. दिवाळीपासून तू घरी होतीस आणि तुझी हजेरी लागत होती, म्हणजे तू जिनाला फसवलंस, असंच ना? मैना म्हणाली, असंच. न्यायाधीश साहेबांनाही राहवलं नाही. या जबाबानं तुझं काम जाईल, हे तुला समजतं का, असं त्यांनी तिला विचारलं.

मैनानं पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"समजते, सायेब. नाव माहं होतं आन् हात इचा गेला. थ्या नावावर आता मी जेवू कशी?"

चार बोटं तुटली तेव्हा न रडलेली सुंदराबाई भर कोर्टात तोंडावर पदर घेऊन रडली.