चौघांत एक पंप

सायकलवाल्यांचे किस्से कसे साठतात सांगू? बाभळीच्या काट्यासारखे! टायरात घुसतो तेव्हा पत्ता लागत नाही. दोन कोस पुढं गेल्यावर फुस्स होतं, आणि मग आठवतं, अरे, हा तर मघाशी ओढ्यापाशीच लागला असणार. आमच्या मंडळाचं तसंच झालं. घडत होतं तेव्हा आम्ही एकमेकांना शिव्या घालत होतो. हसू आता येतंय.

मंडळ म्हणजे आम्ही चौघंच. आप्पा, गुळाचा व्यापारी. रहिमान, भांड्यांना कल्हई लावणारा. गणपा, शिवाजी पेठेतल्या तालमीचा पैलवान. आणि मी, घड्याळं दुरुस्त करणारा, म्हणून सगळ्यांचा 'घड्याळनाना'. कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं. रस्त्यावर टांगे, बैलगाड्या, मधूनच एखादा सरकारी हत्ती! त्यात सायकल म्हणजे नवलच. आमच्या चारी सायकली साहेबलोकांनी वापरून वापरून टाकलेल्या. पण ऐट अशी, की जणू कालच विलायतेहून उतरल्या!

दर रविवारी सकाळी निघायचं. कधी कळंब्याला, कधी जोतिबाला, कधी पेठ वडगावला. वाटेत सायकल बसली की बसली, दुरुस्त करायला कुणी भेटायचं नाही. त्यामुळं आमच्या सगळ्या वादांचं मूळ एकच: बरोबर काय घ्यायचं आणि घरी काय ठेवायचं?

*

पहिल्या फेरीला कुणीच काही घरी ठेवलं नाही!

गणपानं हातोडा, पक्कड, कानस आणि, कशाला ते देवाला ठाऊक, एक पहार आणली. रहिमाननं चक्क छोटा भाता बांधला होता. "वाटंत कुठं मोडल्या लोखंडाला डाख द्यायचा झाला तर?" मी माझी घड्याळाची पेटी घेतली, भिंगासकट. आप्पानं लोखंड काही आणलं नव्हतं, पण गुळाची एक ढेप मागं बांधली होती. म्हणे, "भूक लागली की माणूस आधी बिघडतोय, सायकल मागनं!"

जोतिबाच्या चढाला आम्ही चौघंही खाली उतरलो. सायकली ढकलतोय, घाम पुसतोय, पहार वाजतेय. बांधावर एक म्हातारबाबा शेरडं राखत बसले होते. त्यांनी आमच्याकडं बराच वेळ बघितलं.

"काय पावणं, ह्ये चाकाचं जनावर बसायसाठी असतंय न्हवं?"

"व्हय की."

"मग ढकलताय तुमीच, आन् त्येचं वज्झंबी वाहताय तुमीच! त्यापरीस एखादं गाढाव घ्यायचं हुतं की!"

आप्पा मागून धापा टाकत ओरडला, "घेतल्यात की बाबा! चार घेतल्यात. चढत्यात बघा फुडं!"

*

दुसऱ्या रविवारी आप्पानं आम्हाला दुकानात बोलावलं आणि सगळी हत्यारं गुळाच्या तराजूत टाकली. एका पारड्यात शेराचं माप, दुसऱ्यात आमचा संसार. जे जास्त भरलं ते खाली काढायचं. पहार गेली. भाता गेला. हातोडा काढताना गणपाचे डोळे पाणावले, पण गेला. माझा स्क्रू पिळायचा पेचकस गणपानं उचलून बघितला आणि म्हणाला, "ह्यो पेचकस हाय का दात कोरायचं?" पण वजनाला काहीच नाही म्हणून तो राहिला!

शेवटी उरलं ते असं: एक पंप, एक पाना, टायर काढायच्या दोन पट्ट्या, माझा पेचकस, आणि पंक्चरचं सामान म्हणजे रबराची ठिगळं आणि सोल्युशनची नळी.

"आता ह्ये चौघांत वाटून घ्यायचं," आप्पा म्हणाला. "येकानं समदं वाहायचं न्हाय आन् समद्यांनी समदं आणायचं न्हाय."

पंप रहिमाननं उचलला. "वारा घालायचं काम आमच्या घराण्यात हाय. आजा भाता मारत हुता." पाना गणपाकडं. पट्ट्या आणि पेचकस माझ्याकडं. ठिगळं आणि सोल्युशन आप्पानं स्वतःकडं ठेवलं. "तुमी उधळी माणसं. नळी येका दिसात पिळून रिकामी करशीला." आणि वर नियम: ज्याचं हत्यार त्याच्याच हातात. दुसऱ्यानं ते मागून न्यायचं नाही.

झालं! त्या दिवसापासून आम्हाला एकट्यानं गावाची वेस ओलांडायची सोय राहिली नाही. आप्पाला वडगावला जायचं असलं की आधी आम्हा तिघांना निरोप. आप्पाची आई कर्नाटकाकडची, सगळे तिला आव्वा म्हणायचे. एकदा तिनं दारातच आप्पाला धरलं.

"बायकुबिगर खुशाल गावाला जातोस. ह्येंच्याबिगर पाऊल उचलंना तुजं! लगीन कुणासंगं लावलंय रं मी तुजं?"

*

गणपाचा एक किस्सा सांगितलाच पाहिजे. कळंब्याच्या तळ्यावर गेलो होतो. माझ्या मागच्या चाकाचा नट सैल झाला म्हणून गणपाकडं पाना मागितला. तर पाना तालमीत राहिलेला! गणपा म्हणाला, "पाना कशाला पायजे?" आणि बोटांनीच नट आवळला. आम्ही बघतच राहिलो. काय ताकद ती!

कोसभर आलो आणि त्याच चाकाला काटा लागला. चाक काढायचं तर नट सोडायला हवा. मी प्रयत्न केला. रहिमाननं केला. आप्पानं रुमाल गुंडाळून केला. हलायचं नाव नाही.

"गणपा, तूच सोड बाबा."

गणपानं हात लावला. मान फुगली, तोंड लाल झालं, पण नट जागचा हलला नाही. मग तो शांतपणे मातीत बसला.

"नाना, तालमीत धराय शिकवत्यात. सोडाय कोण शिकवतंय?"

शेवटी माझी सायकल त्यानंच खांद्यावर टाकून घरापर्यंत आणली.

*

आता भांडण.

वडगावच्या वाटेवर आप्पाचं पंक्चर झालं. आप्पानं ठिगळ लावलं, रहिमाननं हवा भरली आणि फाट्! ट्यूब तिथंच फुटली.

"लई हवा मारलीस!" आप्पा.

"ठिगळच कच्चं! सोल्युशन लावलंस का नुसता वास दिलास?" रहिमान.

इथं थांबले असते तर बरं होतं. पण रहिमानची जीभ म्हणजे निसटलेली चेन, अडकेल तिथं फाडणार! तो म्हणाला, "गुळात माती घालताना हात बरा सैल सुटतोय तुजा!"

व्यापाऱ्याला असं बोलायचं म्हणजे तोंडात मारल्यासारखंच. आणि आप्पाच्या गुळात कधी खडा सापडला नव्हता. आप्पा पांढरा पडला. मग तोही म्हणाला, "तुजी कल्हई पंधरा दिस टिकंना, आन् माज्या ठिगळाला नावं ठेवतोस?" आता काळं पडायची पाळी रहिमानची होती.

त्या दिवसापासून बोलणं बंद. मला फार वाईट वाटलं. कारण ही दोघं लहानपणापासूनची. आप्पाला सायकल शिकवली तीच मुळी रहिमाननं, सीट धरून मागं पळत पळत. आप्पा अजून सांगायचा, "पडलो तवा खाली ह्योच हुता." ही जोडी मोडली तर मंडळ राहणार कशाचं?

*

पुढच्या रविवारी रहिमान आलाच नाही. आम्ही तिघंच वडगावच्या बाजाराला निघालो आणि काटा नेमका आप्पाच्याच चाकाला! ठिगळ आहे, पंप नाही. गणपा म्हणाला, "रहिमानला सांगावा धाडू?" आप्पा म्हणाला, "गवात भरीन, पर त्येला बोलवायचा न्हाय!"

आणि भरलं की! बांधावरचा हिरवा चारा उपटून टायरात ठासला. सायकल चालली. हादरे बसत होते, बाजूनं गवताच्या काड्या बाहेर येत होत्या, पण आप्पा ताठ.

बाजारात शिरलो आणि एक म्हैस दावं तोडून मागं लागली. आप्पानं जोर लावला, म्हशीनंही लावला! मागून मालक बोंबलत आला.

"ओ पावणं! म्हस कुठं पळवून न्हेताय माजी?"

आप्पा मागं न बघता ओरडला, "मी न्हाय न्हेत! तीच मला न्हेतीया!"

अख्खा बाजार हसला. आप्पाही हसला. मग सवयीनं शेजारी वळून बघितलं. तिथं नेहमी रहिमान असायचा. आप्पाचं हसू तिथंच थांबलं.

*

मी रहिमानकडं गेलो. तो पातेल्याला कल्हई लावत होता. म्हटलं, "येत का न्हाईस?"

"पंप न्ह्या तुमी."

"नियम काय हाय? ज्याचं हत्यार त्याच्याच हातात."

त्यानं पातेलं खसाखसा घासलं. मग म्हणाला, "येतो. पर मंडळासाठी. त्या गुळवाल्यासाठी न्हाय!"

आला. आणि त्या रविवारी पुन्हा आप्पाचंच पंक्चर! आप्पानं ठिगळ लावलं, ट्यूब आत सारली आणि उभा राहिला. रहिमान पंप काखेत मारून आभाळ बघत होता. मग आप्पा सायकलीला म्हणाला,

"बाई, तुला वारा पायजे आसंल तर तुजी तू माग. माज्याच्यानं मागवायचं न्हाय."

रहिमानही सायकलीलाच म्हणाला, "बाई, तुज्या मालकाला सांग, वारा फुकाट हाय. त्वांड उघडलं तर जात न्हाय त्येचं काय."

"बाई, त्येला म्हणावं, आधी गुळाचं बोललास ते माघारी घे."

"बाई, त्येला म्हणावं, कल्हईचं बोललास ते आधी."

गणपाला राहवेना. "आरं मर्दांनो, ती विलायती हाय! तिला कुठलं कळतंय मराठी?"

हवा गणपानंच भरली. नियम मोडला, पण आम्ही घरी पोचलो.

*

असं बरेच महिने चाललं. आणि मग आप्पाचा मेव्हणा मुंबईहून आला. त्यानं येताना भेट काय आणली? चामड्याची एवढीशी पेटी, सीटखाली बसणारी! आत घडीचा पाना, पातळ पट्ट्या, ठिगळं, सोल्युशन, चेनची कडी. आणि सायकलीच्या दांडीला क्लिपांत बसणारा, बासरीएवढा पंप! मी भिंग लावून बघितला. काय काम होतं! घड्याळात शोभावं असं.

सगळं बघून झाल्यावर मी भिंग खाली ठेवलं. आता आप्पाला कुणाचीच गरज उरली नव्हती. मंगळवारीच तो एकटा गुऱ्हाळांवर जाऊन आला, बुधवारी वडगावला. वाटेत पंक्चर झालं, स्वतः काढलं, स्वतः हवा भरली. गणपा म्हणाला, "संपलं मंडळ, नाना." आणि रहिमाननं आपला जुना पंप चिंचेनं घासून लख्ख केला होता, ते मी बघितलं.

रविवारी पन्हाळ्याच्या वाटेवर आप्पाची हवा गेली. त्यानं ऐटीत पेटी उघडली. ठिगळ लावलं. पंपासाठी दांडीकडं हात नेला. क्लिपा रिकाम्या!

"इसरलो," आप्पा म्हणाला. सायकलीला नाही, रहिमानकडं बघून म्हणाला.

रहिमान पुढं झाला. "चाक धर."

"धरलंय."

"नीट धर की मर्दा! व्यापारी म्हणं! मुंबईची पेटी आणली, आन् नेमका पंप घरी!"

"आसंल बाबा. तुज्यावानी डोस्कं न्हाय मला."

पंप मारता मारता रहिमान हळूच म्हणाला, "गूळ चोख असतोय रं तुजा." आप्पा म्हणाला, "आव्वाची पातेली अजून चांदीगत हाईत." मी आणि गणपा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उगाचच झाडं बघत बसलो. गणपा तर रडत होता.

तिथून पुढं आप्पा दर रविवारी पंप विसरायचा. दर रविवारी! निघतानाच रहिमान त्या रिकाम्या क्लिपांकडं बघायचा आणि त्याचा चेहरा खुलायचा. मग वेशीपासून पन्हाळ्यापर्यंत आप्पाच्या विसराळूपणावर कीर्तन. आप्पा मान खाली घालून ऐकून घ्यायचा. एरवी हा माणूस गेल्या दिवाळीला कुणाला किती गूळ दिला ते तोंडपाठ सांगायचा!

*

एका रविवारी माझा गुडघा सुजला म्हणून मी फेरीला गेलो नाही. नेमके घरी पाहुणे आले आणि गूळ संपलेला. लंगडत आप्पाकडं गेलो. पुढं दुकान, मागं घर. दुकान बंद होतं म्हणून मागच्या दारानं हाक मारली.

"या भावजी, या की आत," चुलीपुढनं आप्पाची बायको पारूवहिनी म्हणाल्या. ओली लाकडं, घरभर धूर. आणि वहिनींच्या हातात फुंकणी नव्हती. बासरीएवढा, चकचकीत, मुंबईचा पंप होता! नळी निखाऱ्याकडं धरून त्या मजेत वारा घालत होत्या.

"वैनी, ह्यो पंप?"

"व्हय की भावजी! ऐतवारी तेवढा माज्याकडं असतोय. सकाळी जाताना सोता सायकलीवरनं काढून देत्यात, म्हणत्यात चुलीला घे. सोमवारी दिस उगवायला परत सायकलीवर! बाकीच्या दिशी हात लावू देत न्हाईत."

तेवढ्यात रस्त्यावर घंट्या वाजल्या. मंडळ परत आलं होतं. रहिमानचा आवाज सगळ्या पेठेला ऐकू जात होता.

"कसला रं तू इसराळू! आजबी पंप घरीच! मी नसतो तर काय केलं असतंस?"

"काय करणार? बसलो असतो की वाटंत," आप्पाचा पडेल आवाज.

वहिनी चमकल्या. "आता ग बया! इसरलं कसं? सकाळी ह्येंनीच तर माज्या हातात..." आणि पंप घेऊन त्या उठल्या, तरातरा दाराकडं निघाल्या.

सुजल्या गुडघ्यानं मी उडी मारून दार अडवलं.

"वैनी," म्हटलं, "तुमी आधी चूल फुलवा. इझायला लागलीया!"