मखमलीची उलटी लव

पडद्यांच्या कारखान्यात काकूंनी एक रीत पाडली होती. ज्याच्या हातून चूक होईल त्याने मशीन थांबवून मोठ्याने "चुकलं!" म्हणायचं. मग कुणी रागवायचं नाही, सगळ्यांनी मिळून उसवायला बसायचं. या रीतीचा काकूंना भारी अभिमान. स्वतः मात्र तो शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता. तशी वेळच आली नाही, असं त्या म्हणत आणि त्यांना ते खरंही वाटे.

नाट्यगृहाच्या मखमली पडद्याला त्यांनी दुसऱ्या कुणाची कात्री लागू दिली नाही. मखमलीचे नखरे फार. तिची लव सगळीकडे एकाच दिशेला हवी, नाहीतर एकाच कापडाचे दोन रंग दिसतात. पडदा शिवून झाला. नाट्यगृहाचे व्यवस्थापक न्यायला आले तेव्हा काकूंच्या दिराने हौसेने तो टांगला आणि दिवे लावले. डावा भाग गडद, उजवा फिकट. अर्धं कापड काकूंनी उलटं कापलं होतं.

"दोन रंग कसे हो?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"दिव्यांचा खेळ आहे, साहेब!" गोड बोलण्यात दिराचा हात धरणारं कुणी नव्हतं. "तुमच्याकडे एकसारखा दिसेल बघा."

व्यवस्थापक मान डोलवू लागले. मशीनं थांबली होती आणि सगळ्यांचे डोळे काकूंवर होते. गप्प बसलं तर पडदा खपेल, पण उद्यापासून इथे कुणी खरं बोलणार नाही, हे त्यांना लख्ख कळलं. लाजेने कान तापले.

"चुकलं!" त्या ओरडल्या. "माझं चुकलं. लव उलटी लागलीये. उद्या संध्याकाळी नीट करून पाठवते."

व्यवस्थापक कुरकुरत गेले. दीर तोंड पाडून बसला. बाकीचे उसवायला बसले, काकू मधोमध.

"काकू, उसवताना जीभ बाहेर काढता हो तुम्ही," एकीने चिडवलं. सगळ्या खो खो हसल्या. काकूही हसल्या. फार हलकं वाटत होतं.

तेवढ्यात इस्त्रीवाले काका पुटपुटले, "मला इस्त्री करतानाच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची चूक तुम्हाला कोण सांगणार, काकू?"

हसणं थांबलं. काकूंनी मघाचा आनंद गिळला.

"चुकलं," त्या म्हणाल्या, या वेळी हळू. मग सरकून त्यांनी शेजारी जागा केली. "बसा काका. आणखी काय काय सांगायचं राहिलंय?"

काकांनी इस्त्री बंद केली आणि ते ऐसपैस मांडी घालून बसले.