गोणपाटाखालचे पाय

दत्ताराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवरूखला मुलीकडे होतो. वहिनींना, त्याच्या बायकोला, धड बोलवत नव्हतं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता ती गोष्ट बोलून दाखवेल असं कुणी उरलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याचीच आता भीती वाटते...

पुढे रत्नागिरीत शोकसभा झाली. 'दत्तारामचा पहिल्या दिवसापासूनचा साथीदार' म्हणून मला पुढच्या खुर्चीत बसवलं. मी गप्प बसलो. म्हणून हे लिहितो आहे.

दत्ताराम होड्या बांधणारा सुतार. खाडीकाठच्या आमच्या गावात एका लाँचचं इंजिन चोरीला गेलं आणि पोलिसांनी त्याला उचललं. माझं शिंपीकामाचं दुकान ठाण्यासमोर. पोलिसांचे गणवेश मीच शिवायचो, त्यामुळे पंच लागला की मलाच हाक यायची. त्या सकाळी आत गेलो तर दत्ताराम भिंतीला टेकून बसलेला, पायांवर ओलं गोणपाट. पंचनाम्यात वाक्य तयार होतं : आरोपीच्या अंगावर मारहाणीच्या खुणा नाहीत. गोणपाट हाताच्या अंतरावर होतं. दत्तारामने माझ्याकडे पाहिलं, मग गोणपाटाकडे. खाली काय असेल ते मला कळलं. हवालदार म्हणाला, "भाऊ, चहा निवतोय. करा सही." मी केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली.

इंजिन दुसरीकडेच सापडलं. दत्ताराम सुटला, पण तळव्यांवर इतकं मारलं होतं की पुढे जन्मभर तो पावलांच्या कडांवर चालला. त्याच्या चपला घासत यायच्या. लांबून तो आवाज आला की मी दुकानाच्या आतल्या खोलीत जाऊन उभा राहायचो. वर्षभर असा लपलो. एकदा तो दुकानाच्या पायरीवर बसूनच राहिला.

"भाऊ, बाहेर या. मारायला नाय आलो."

मी आलो.

"मी न केलेलं कबूल केलं, तुम्ही न बघितलेलं लिहून दिलंत. दोघांची सही एकाच कागदावर. दोघे घाबरलो, झालं. आता चला माझ्यासंगती. वाडीतल्या एकाला आत घेतलानी."

"मी येऊन काय करू?"

"त्याचे पाय बघू."

मी गेलो नाही. तो एकटा गेला, आणि पुढे तीस वर्षं जातच राहिला. कुणालाही पकडलं की ठाण्यात उभा राहून एकच मागायचा : पाय दाखवा. पोलीस म्हणायचे, "आला ज्योतिषी! लोक हात बघतात, हा पाय बघतो."

"हात तुमचे बघतो, साहेब," दत्ताराम म्हणायचा.

ज्याने त्याला मारलं, त्या हवालदाराच्या नव्या घराचे दरवाजे दत्तारामनेच करून दिले. ते मला अजून उमगलेलं नाही. मी दुकानात बसून त्याचे अर्ज लिहायचो. ठाण्याची पायरी मात्र पुन्हा चढलो नाही. साथीदार म्हणतात तो मी हा.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. पडवीत त्याच्या चपला अजून आहेत, बाहेरच्या कडा पार झिजलेल्या. तेवढ्यात लांबच्या वाडीतली एक बाई धापा टाकत आली. "दत्तारामकाका हायत? माझ्या नवऱ्याला धरून नेलानी." तो गेल्याचं तिला कळलेलंच नव्हतं. वहिनींनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी त्या बाईबरोबर निघालो. ठाण्याच्या पायरीवर मागून चपला घासल्याचा आवाज आला. दचकून वळलो. कुणी नव्हतं. भीतीने पाय उचलत नव्हते, माझ्याच चपला घासत होत्या. टेबलामागच्या साहेबांनी मान वर केली.

"काय आजोबा?"

"त्याचे पाय बघायचेत," मी म्हणालो.