देवाशेजारी बसणारे काका

चाकणच्या भुईकोटात मी एकदा एका साध्या दगडाचा देव करून टाकला. हसा खुशाल! पंचविशीतल्या त्या बाईला मीही हसते. नवी नोकरी, नवं लग्न, पर्समध्ये कुंकवाची डबी, आणि गोल दगड दिसला की हात जोडलेच.

पिंपरीच्या आमच्या शाळेतली चौथीची पोरं घेऊन मी पहिल्यांदाच तिथं गेले होते. पडका तट, एखाददुसरा बुरूज, बुजत आलेला खंदक. हे सगळं रोज झाडायला एक काका. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं. घर मागच्याच आळीत. पोरं तटावर चढली की खालून ओरडायचे, "हळू रं! दगडाला लागंल." पोरांना नव्हे, दगडाला!

पोरं डबे खात होती तेव्हा मी बुरुजाखालच्या गुळगुळीत दगडाला हळदकुंकू लावलं, वर दोन झेंडू ठेवले. काकांचा खराटा थांबला.

"बाई, त्यो देव न्हाई."

"असं बोलू नये, काका," मी त्यांनाच शिकवलं. ते पुन्हा झाडायला लागले.

पुढच्या वर्षी दगडाला शेंदूर, वर पत्रा, समोर घंटा! काका शेजारी मातीत बसलेले.

"काय काका, देवाशेजारी बसून पुण्य लाटताय?"

"देवावर कसं बसायचं, बाई?" ते हसले. मी त्यांच्याहून मोठ्यानं हसले. पुढं कितीतरी वर्षं, दर सहलीला, हाच विनोद.

मग माझी शाळा बदलली, जाणं थांबलं. गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन गेले. तटाची डागडुजी झालीय, माहितीचा फलक लागलाय. पाचोळा मात्र तसाच पडलेला. नात तटावर चढली. खालून कुणी ओरडलं नाही.

मागच्या आळीत गेले. काकू दारात पावटे सोलत होत्या. काकांना जाऊन तीन वर्षं झाली, म्हणाल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा कंपनीतून पहिली शिफ्ट करून आला की बापलेक त्या दगडावर बसायचे, अंधार पडेपर्यंत. एके दिवशी हायवेला ट्रकनं त्याची सायकल उडवली. मी त्या दगडापुढं कुंकवाची डबी उघडली, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. नंतर काका तिथं एकटेच बसायचे.

"काकू, ते कुंकू मी लावलं होतं."

त्यांचा हात थांबला नाही.

"ठावं हाय. पयल्यांदा लई रडले हे, बसायची जागा गेली म्हनून. मग म्हनाले, बाईनं केलं त्ये बरं केलं. आता पोराच्या जागंवर दुसरं कुनी बसनार न्हाई."