टाकेबाईंनी कॉम्प्युटर उघडला

टाकेबाई हे त्यांचं आडनाव नव्हे. हातानं भरतकाम करायच्या तेव्हा गिऱ्हाइकांनी ठेवलेलं ते नाव, पुढे इतकं चिकटलं की खरं आडनाव विचारलं तर शेजारीपाजारीही क्षणभर अडखळायचे. पंचेचाळिशीत त्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा कुरकुरायला लागला आणि सुई धरवेना. बाईंनी चार दिवस तोंड पाडलं, पाचव्या दिवशी कॉम्प्युटरवर नक्षी बेतायला शिकायचं ठरवलं. पडद्यावर फूल काढायचं, कुठला टाका कुठून निघून कुठे जाईल ते नेमायचं आणि फाइल कारखान्यात पाठवायची. तिथे बारा सुयांचं मशीन तेच फूल कापडावर उतरवतं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली होती. कॉम्प्युटर तोच होता. स्वयंपाकघर आणि बाल्कनीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, शिलाईच्या जुन्या टेबलावर तो घरघरत असायचा. मोठी नक्षी उघडायला सांगितली की बाई तेवढ्यात भांडी घासून यायच्या.

मग एका नाटकगृहाच्या पडद्याची किनार त्यांच्याकडे आली. सलग वेल, पानापानाला वेगळी छटा, सगळे मिळून दोन लाखांवर टाके. एवढं मोठं काम त्यांना कधी मिळालं नव्हतं. अर्धी वेल झाली आणि कॉम्प्युटर जागच्या जागी गोठला. एकदा, दोनदा, तीनदा.

बाई कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्या.

"ताई, याला आता निरोप द्या," तो म्हणाला. "नवीन घ्या."

"नव्याला मागे ते जुन्या प्रिंटरचं रुंद पोर्ट असतं का?"

"ते कधीच गेलं."

"माझ्या नक्षीच्या प्रोग्रामची किल्ली, ती छोटी डबी, त्यातच बसते. ती दिसली नाही तर प्रोग्राम उघडतच नाही, आणि तो बनवणारी कंपनी बंद पडली. नव्या कॉम्प्युटरचं मग काय लोणचं घालू?"

दुरुस्तीवाला हसला. याच मदरबोर्डावर जास्त ताकदीचा प्रोसेसर बसू शकतो, मेमरीही वाढवता येते, हे त्यानं कबूल केलं. एक वापरलेला प्रोसेसर त्याच्या खणातही होता. "पण इतक्या जुन्या मशीनला मी हात लावणार नाही. बिघडलं तर माझ्या गळ्यात."

"नका लावू. मी लावते," बाई म्हणाल्या आणि प्रोसेसर, मेमरीच्या दोन पट्ट्या आणि प्रोसेसरवर लावायच्या पांढऱ्या पेस्टची नळी घेऊन घरी आल्या.

रविवारी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि कॉम्प्युटरची बाजू उघडली. आत पंख्यावर बोटभर धूळ. यजमान निवृत्त बसचालक. ते चहाचा कप घेऊन खुर्चीवर बसले.

"अगं, उघडलंस खरं, पण मिटवता येईल ना?"

"अहो, गप्प बसा नाहीतर स्क्रू धरा."

त्यांनी स्क्रू धरले.

जुना प्रोसेसर निघाला, नवा बसला, मेमरीच्या पट्ट्याही बसल्या. खाली शेकडो केसासारख्या पिना, पण ज्या हातांनी एकेक मणी ओवला होता त्यांना ते जड गेलं नाही. बाईंनी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. पडदा मात्र काळाच.

बाईंनी मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा घातल्या, वायरी तपासल्या. काळाच. अर्धी वेल आत होती आणि कारखाना गुरुवारी फाइल मागणार होता.

पण चुकलेली शिवण त्या कधी कात्रीनं कापत नसत. जिथून चुकलं तिथपर्यंत उसवत जायच्या. त्यांनी जुना प्रोसेसर परत बसवला. पडदा उजळला. म्हणजे काही मोडलं नव्हतं. मग त्या बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर जाऊन यादी वाचत बसल्या आणि बऱ्याच वेळानं ती ओळ सापडली: हा प्रोसेसर चालेल, पण बायोसच्या नव्या आवृत्तीवरच. बायोस म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये बसलेला तो छोटा प्रोग्राम, जो चालू होताना सगळ्यांच्या आधी जागा होतो. इथे तो बारा वर्षांपूर्वीचा होता. नव्या पाहुण्याची त्याला ओळखच नव्हती, म्हणून दार उघडत नव्हता.

नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेतली, तर बायोसला पेन ड्राइव्हच दिसेना. तो नव्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता. जुन्या पद्धतीनं केला, तेव्हा दिसला. पुढे पडद्यावर इशारा आला: काम संपेपर्यंत वीज बंद करू नका.

"मध्येच वीज गेली तर?" यजमानांनी विचारलं.

"मग कॉम्प्युटर कायमचा गेला."

यजमान उठले आणि मेन स्विचच्या पेटीसमोर हात मागे बांधून उभे राहिले. तिथे उभं राहून वीज जायची थांबत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण बाईंना बरं वाटलं. पट्टी सरकत सरकत भरली. कॉम्प्युटर बंद झाला, आपणहून चालू झाला, परत बंद झाला. तिसऱ्यांदा पडद्यावर अक्षरं आली.

बाईंनी पुन्हा प्रोसेसर बदलला. या वेळी पडदा लगेच उजळला आणि वरच्या ओळीत नव्या प्रोसेसरचं नाव होतं. यजमानांनी टाळी वाजवली. बाईंनी प्रोग्राम उघडला आणि तो म्हणाला: किल्ली सापडली नाही.

"आता गं?"

"सकाळपर्यंत सापडत होती. किल्ली तीच, पोर्ट तेच. प्रोसेसर-मेमरीचा पोर्टशी संबंध नाही. मग उरला बायोस." बाई स्वतःशीच बोलत होत्या. "नव्या आवृत्तीनं जुन्या सगळ्या सेटिंग पुसल्या असणार."

त्यांनी बायोसची पानं एकेक करून चाळली. चौथ्या पानावर त्या रुंद पोर्टचं नाव मिळालं. समोर चार पर्याय. एका वेळी एकच बदल करायचा, वहीत लिहायचा, मग बघायचं. पहिला, नाही. दुसरा, नाही. तिसऱ्याला प्रोग्राम मुकाट्यानं उघडला.

बाईंनी नाटकगृहाच्या पडद्याची नक्षी उघडायला सांगितली आणि सवयीनं भांड्यांकडे जायला उठल्या. खुर्ची मागे सरकेपर्यंत वेल समोर उलगडली होती, पानापानाच्या छटांसकट. त्या परत खाली बसल्या. वेल नुसती वरून खाली, खालून वर सरकवत राहिल्या. ती कुठेही अडली नाही.

"तुझी गाडी आता टॉप गिअरला गेली," यजमान म्हणाले. त्या दिवसभरात त्यांनी हे फोनवर तीन जणांना सांगितलं.

बुधवारी, एक दिवस आधीच, फाइल कारखान्यात गेली. गुरुवारी बाई उरलेली पेस्ट परत द्यायला दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बायोसची आवृत्ती विचारली, पोर्टचा कुठला पर्याय तेही विचारलं, आणि दोन्ही लिहून घेतलं. मग स्वतःची खुर्ची पुढे ओढली.

"ताई, बसा. हा एक कॉम्प्युटर तीन दिवस झाले माझ्याकडे पडलाय. पंखा फिरतो, पडदा काळा."

बाईंनी पदर खोचला आणि बसल्या. "प्रोसेसर आधीचाच आहे, की बदललाय?"